शनिवारच्या सह्या

मोगेन्स ब्रास्क कोपनहेगनहून साडेचार तास गाडी चालवत आला आणि बंदरावरच्या खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या त्याने कॉम्प्युटर उघडला. 'आपला निर्णय' या पक्षाची निवडणुकीची सगळी आखणी त्याच्याकडे होती. पक्ष लहान, मागणी एकच: युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही हे लोकांना पुन्हा विचारा, आणि तोवर निदान मासेमारीचे नियम तरी इथे ठरू द्या.

पश्चिम किनाऱ्याच्या शाखेत माणसं पाच. त्या मंगळवारी हजर दोघंच, शाखाप्रमुख बोदिल क्रॉग्सगोर आणि जहाजाच्या इंजिनांचा निवृत्त मेकॅनिक तोर्किल.

"ताज्या चाचणीत आपण एक पूर्णांक नऊ टक्क्यांवर आहोत," मोगेन्स म्हणाला. "दोन टक्क्यांना संसदेची दारं उघडतात. म्हणजे आपण उंबरठ्यावर आहोत."

"मग चांगलंच आहे की," तोर्किल म्हणाला.

"चांगलं कुठलं? आधी मतपत्रिकेवर नाव यायला हवं. देशभरातून वीस हजारांवर सह्या लागतात. तुमच्या किनाऱ्याचा वाटा सहाशे. तुम्ही सह्या घेतल्यात पाचशे नव्वद, आणि पक्क्या झाल्यात फक्त दोनशे चौदा. मुदत संपायला जेमतेम महिना उरलाय."

सहीची भानगड अशी होती की ती एकदा करून भागत नसे. माणसाने आज सही केली की सात दिवस थांबायचं, विचार करायचा, आणि मग चौदाव्या दिवसापर्यंत फोनवरची सरकारी पत्रपेटी उघडून 'होय, माझा पाठिंबा कायम आहे' असं पुन्हा कळवायचं. नाही कळवलं तर पहिली सही फुकट.

"म्हणून मध्यवर्ती समितीचा विचार असा," मोगेन्सने घसा साफ केला, "की किनाऱ्याचा नाद सोडावा. तुम्ही पाचही जणांनी ओऱ्हूस शहरात यावं, तिथे विद्यापीठासमोर उभं राहावं. आणि तेही जमलं नाही तर एका मोठ्या पक्षाशी बोलणं सुरू आहे. ते त्यांच्या यादीत आपल्या अध्यक्षांना जागा देतील."

"कितवी?" बोदिलने विचारलं.

"अकरावी."

तोर्किल मोठ्याने हसला. बोदिल हसली नाही. त्रेसष्ट वर्षांची ही बाई एकतीस वर्षं माशांच्या लिलावघरात वजनकाट्यापाशी उभी राहिली होती. कोणत्या बोटीत किती मासळी आहे हे तिला बोट धक्क्याला लागताना पाण्यात किती बुडालीय त्यावरूनच कळायचं. तिच्या लग्नाच्या वर्षी बंदरात सत्तर बोटी होत्या. आता एकोणीस. तिच्या नवऱ्याची, आक्सेलची बोट युरोपीय संघाने ठरवलेला मासेमारीचा कोटा संपल्यावर नियमाप्रमाणे मोडीत निघाली, तेव्हा क्रेनचा पंजा केबिनमध्ये घुसताना ती धक्क्यावर उभी होती. आक्सेल आला नव्हता. तो घरी बसून बटाटे सोलत होता, आणि दोघांना आठवडाभर पुरतील एवढे त्याने सोलून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी बोदिल पक्षाची सभासद झाली.

"मोगेन्स, त्या उरलेल्या पावणेचारशे लोकांनी विचार बदललाय असं तुला वाटतं का?" ती म्हणाली.

"आकडे तसंच सांगतात."

"आकड्यांना मासेमारी ठाऊक नाही. ही माणसं रविवारी समुद्रावर जातात आणि शुक्रवारी परत येतात. आल्यावर आंघोळ, झोप, पोरंबाळं. सरकारी पत्रपेटी उघडायला सवड कुणाला आहे? तुझा सातवा दिवस उगवतो तेव्हा ते नॉर्वेच्या पाण्यात जाळं ओढत असतात."

"मग उपाय काय?"

"आपण बुधवारी दुकानासमोर सह्या घेत होतो, तेच चुकलं. शनिवारी दुपारी सगळे बंदराच्या कँटीनमध्ये सूप प्यायला येतात. सही शनिवारी घ्यायची. पुढच्या शनिवारी त्याच टेबलावर पुन्हा बसायचं, तोच माणूस सूप प्यायला आला की त्याचाच फोन त्याच्या हातात द्यायचा. सात दिवस बरोब्बर भरलेले असतात."

मोगेन्सने कॉम्प्युटर मिटला, खिडकीतून बोटींकडे पाहिलं, मग बोदिलकडे. "समितीला मी काय सांगू?"

"सांग की बाई हट्टी आहे. महिनाभर तिच्या वाटेला जाऊ नका."

पहिल्या शनिवारी बोदिल आणि तोर्किल कँटीनच्या दाराजवळचं टेबल अडवून बसले. ज्यांच्या जुन्या सह्या वाया गेल्या होत्या त्यांनीच आधी टेबलाला गराडा घातला.

"अगं, मी दिली होती की सही!" ओल्युफ नावाचा दांडगा तांडेल ओरडला.

"दिली होतीस आणि समुद्रात बुडवलीस. आता परत दे."

"आणि पुढच्या शनिवारी परत?"

"परत. सूप प्यायला येतोसच ना? की बायकोने स्वयंपाक शिकून घेतला?"

सगळं कँटीन हसलं. ओल्युफने सही केली आणि आपल्या सहाही खलाशांना मानगूट धरून टेबलापाशी आणलं. त्यातला एक पोर्तुगीज होता. त्याला इथे मताचा अधिकार नव्हता, तरी तो उत्साहाने रांगेत उभा राहिला आणि बोदिलने त्याला सहीऐवजी केक दिला.

दुसऱ्या शनिवारी एकशे अठरा सह्या पक्क्या झाल्या, वर दोनशे नव्या आल्या. तोर्किलने भिंतीवर खडूने मोठ्ठा आकडा लिहिला: तीनशे बत्तीस. मोगेन्सने फोनवर नुसतं "अरे वा" म्हटलं, पण ते दोनदा म्हटलं.

तिसऱ्या शनिवारी वादळ आलं. पश्चिमेचा वारा असा सुटला की बंदराच्या तोंडाशी लाटा भिंतीवरून आत पडत होत्या. पंधरा बोटी नॉर्वेच्या बंदरात अडकून पडल्या. कँटीनमध्ये सूप उरलं आणि टेबलावर फक्त एकोणतीस सह्या पक्क्या झाल्या, नव्या मोजक्याच आल्या. बोटी पुढच्या शनिवारपर्यंत आल्या नाहीत तर गेल्या खेपेच्या उरलेल्या सह्याही मुदतीबाहेर जाणार होत्या. आणि आल्या तरी आकडा सहाशेला पोचत नव्हता. बोदिलने हिशेब तीन वेळा करून पाहिला.

रविवारी ती नेहमीप्रमाणे थोरल्या बहिणीकडे जेवायला गेली. रिग्मोरचं डुकरांचं मोठं फार्म होतं. माल जर्मनीला आणि इटलीला जायचा, कामाला रुमानियाची माणसं होती, मुलगा ब्रसेल्सला दुभाषा होता. बोदिलचा पक्ष म्हणजे शुद्ध वेडेपणा असं तिचं स्पष्ट मत. तीस वर्षांपूर्वीच्या सार्वमताच्या वेळी दोघी बहिणी अशा भांडल्या होत्या की सहा महिने बोलणं बंद होतं. नंतर त्यांनी नियम केला, की रविवारच्या जेवणावर ब्रसेल्सचं किंवा राजकारणाचं नाव काढायचं नाही. तो दोघींनी आजवर पाळला होता.

राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घेऊन बोदिल नुसती बसून राहिली.

"खा की," रिग्मोर म्हणाली. "तोंड का पाडलंयस?"

"काही नाही. वारा आहे."

"वारा जन्मापासून आहे. किती कमी पडतायत?"

बोदिलने मान वर केली. नियम रिग्मोरने मोडला होता.

"शनिवारी सगळ्या बोटी आल्या तरी साठ-सत्तर कमी पडतील," ती म्हणाली. "आणि नव्या सह्या उद्यापरवात मिळाल्या तरच सात दिवस भरतात. येत्या नव्हे, त्यापुढच्या गुरुवारी मुदत संपते."

रिग्मोरने सावकाश कॉफी ओतली. मग चष्मा शोधला. मग हात पुढे केला. "आण तो फोन इकडे."

"तू? तू आम्हाला मत देणार?"

"मत? डोकं फिरलंय का तुझं? मत मी कध्धी देणार नाही. तुम्ही निवडून आलात तर माझी डुकरं मी काय तुझ्या कँटीनला विकू?" तिने सही करून फोन परत सरकवला. "पण हे बघ. मला तुम्हाला पाडायचंय. आणि पाडायला तुम्ही उभे तर राहायला हवात. सह्या कमी पडल्या म्हणून तुम्ही घरी बसलात तर जन्मभर म्हणाल, लोकांनी आम्हाला विचारलंच नाही. ते मला ऐकायचं नाही."

 बोदिलने हेरिंगचा मोठा घास घेतला, म्हणजे बोलायची वेळच येऊ नये.

"उद्या क्रीडागृहात ये," रिग्मोर म्हणाली. "नऊला."

दर सोमवारी रिग्मोर क्रीडागृहात साठीपुढच्या बायकांचे व्यायामाचे तीन वर्ग घेत असे. नऊ वाजता पहिल्या वर्गातल्या बायका चेंडू घेऊन गोलात उभ्या होत्या. रिग्मोरने शिट्टी वाजवली.

"ही माझी धाकटी बहीण. हिची मतं तुम्हाला ठाऊक आहेत, माझीही ठाऊक आहेत. सही म्हणजे मत नव्हे. ज्यांना हिचा पक्ष आवडतो त्यांनी सही करा. ज्यांना आवडत नाही, पण त्यांनाही निवडणुकीत बोलू द्यावं असं वाटतं, त्यांनीही करा. ज्यांना यातलं काहीच वाटत नाही त्यांनी दहा उठाबशा काढा."

"हे दडपण आणणं झालं!" मागून एक बाई म्हणाली.

"बरं, उठाबशा रद्द. बोदिल, तू बोल."

बोदिल एरवी लिलावघरात शंभर माणसांवर ओरडलेली बाई, पण इथे ती हळू आवाजात बोलू लागली. ब्रसेल्सबद्दल ती फारसं बोललीच नाही. बंदरात किती बोटी होत्या आणि आता किती आहेत ते सांगितलं. आक्सेलच्या बटाट्यांबद्दल सांगितलं. "मी चुकत असेन," ती म्हणाली. "पण मला हे उघडपणे मांडायचंय, आणि तुम्ही मला तोंडावर नाही म्हणायला हवं."

मघाशी दडपणाची तक्रार करणारी बाई पहिली पुढे आली. "मी नाहीच म्हणणार आहे," ती म्हणाली, "मतपत्रिकेवर. सही कुठे करायची?" तीन वर्ग मिळून चौऱ्याहत्तर सह्या झाल्या.

बुधवारी वारा पडला. शुक्रवारी दुपारपासून बोटी एकेक करून बंदरात शिरू लागल्या. ओल्युफची सगळ्यांत शेवटी, शनिवारी सकाळी आली. कँटीन उघडण्याआधीच तो दारात उभा होता, दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले.

"माझी पक्की आहे, पण दुसऱ्या शनिवारच्या पोरांचा आज चौदावा दिवस," तो बोदिलला म्हणाला. "पोरांना सांगितलंय, आधी सही, मग आंघोळ. वास सहन कर."

"एकतीस वर्षं केलाय."

त्या दिवशी एकशे पासष्ट सह्या पक्क्या झाल्या. सोमवारी क्रीडागृहात एकाहत्तर. एकूण पाचशे सत्त्याण्णव. उरलेल्या तिघींपैकी एक मुलीकडे गेली होती आणि दोघींनी खरोखरच विचार बदलला होता. तो त्यांचा हक्क आहे, असं बोदिलने तोर्किलला ठणकावलं. तोर्किलचं म्हणणं होतं की त्यांच्या घरी केक घेऊन जावं. ते गेले नाहीत. मंगळवारी आणि बुधवारी तिसऱ्या शनिवारच्या नव्या सह्यांतले नऊ जण त्यांनी दारोदार जाऊन गाठले. सहाशे सहा.

गुरुवारी संध्याकाळी पाचला मोगेन्सचा फोन आला. देशाचा आकडा पुरा झाला होता, जेमतेम, दोनशे अकरा जास्त. "ओऱ्हूसमध्ये आम्हाला सह्या कमी पडल्या," तो म्हणाला. "किनाऱ्याने सावरलं. मोठ्या पक्षाला नकार कळवलाय. आणि बोदिल, पश्चिम मतदारसंघात यादीत पहिलं नाव तुझं असावं असं समितीचं मत आहे."

"आणि अध्यक्षांचं मत?"

"तेच म्हणाले."

बोदिलने आक्सेलला सांगितलं.  त्याने विचारलं, "म्हणजे आता फलकावर तुझा फोटो लागणार? रस्त्याच्या दिव्यांना?"

"लागेल बहुतेक."

"मग केस कापून घे," तो म्हणाला, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच उठून बंदरावर चक्कर मारायला निघाला. बोदिलने कोट घेतला आणि ती त्याच्याबरोबर गेली.

निवडणुकीला अजून अडीच महिने होते. पहिली सभा तिने मे महिन्यात ठेवली, शनिवारी. खुर्च्या तीसच मांडल्या होत्या, आणि दोनदा उठून तोर्किलला आणखी आणाव्या लागल्या.