ओळखपत्रामागचा माइक

फाईल एक. बावीस मिनिटं. कामाचं काही नाही.

सरसर, खरखर, ताईचा खोकला, पुन्हा सरसर. गिरणीच्या फाटकावर मुकादम बोलतोय एवढं कळतं. काय बोलतोय ते नाही. पोत्यात तोंड घालून बोलल्यासारखं. मी माइक ताईच्या कामाच्या कोटाच्या कॉलरखाली लावला होता, दोन्ही बाजूंनी पट्टी चिकटवली होती, ओढ बसू नये म्हणून वायरीला सैल वेटोळं सोडलं होतं. आणि ताई त्या दिवशी कोरा कोट घालून गेली. खळ न उतरलेला. मानेची जरा हालचाल झाली की कागद चुरगाळल्याचा आवाज.

"रेकॉर्डिंग आहे म्हटल्यावर जुना कसा घालू?"

रेकॉर्डिंगमध्ये कोट दिसत नाही, असं मी तिला सांगितलं. दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ओरडून, कारण पहिल्यांदा तिला ऐकूच गेलं नव्हतं.

थांबा. हे आधी सांगायला हवं होतं.

माझी बहीण तेवीस वर्षं कापडगिरणीत मागावर आहे. उजवा कान गेला, डावा अर्धा गेला. गिरणी म्हणते, कानात घालायचे बोळे आम्ही दर वर्षी दिले, बाईने घातले नाहीत, निष्काळजीपणा तिचा. तसं रजिस्टर आहे, त्यात तेवीस सह्या ताईच्या आहेत. खऱ्या आहेत. सगळ्या एकाच दुपारी केलेल्या आहेत. मुकादमाने रजिस्टर आणि चार रंगांची पेनं पुढे ठेवली, उद्या तपासणीला येणार आहेत, करून टाका म्हणाला, आणि सगळ्या खात्याने करून टाकल्या.

बोळा तिने आजवर पाहिलेला नाही.

सोमवारी तिची कामगार कचेरीत सुनावणी. शुक्रवारी मुकादम निवृत्त. त्याआधी त्याने स्वतःच्या तोंडाने हे बोलायला हवं. आम्ही या गिरणीवर माहितीपट करतोय, मी त्याचा आवाज सांभाळतो. पण खरं सांगायचं तर माहितीपट गेला खड्ड्यात. ताईला तो एक शब्द पुसून हवाय. निष्काळजी. घरात गॅसचं बटण तीन-तीनदा तपासणारी बाई आहे ती.

आमच्या दिग्दर्शिकेला (पाठीमागे घाईबाई) बटणातला कॅमेरा हवा होता. मी नको म्हणालो. तापतो, दिसतो, पकडला जातो. आवाज स्वच्छ असला की चित्राचं काय काम? अकरा वर्षं हे वाक्य मी लोकांच्या तोंडावर मारत आलोय. घाईबाई म्हणाली, बघ बाबा, तू म्हणशील तसं.

फाईल दोन. नऊ तास.

नऊ तास, कारण पेन. आत रेकॉर्डर असलेलं, खिशाला लावायचं पेन. कोटाला न घासणारं, मला वाटलं अगदी बिनधोक. मुकादमाने पाळीच्या कागदावर सही करायला ते ताईकडून मागून घेतलं आणि आपल्या खिशात घातलं. पेनं परत न करण्याबद्दल तो खात्यात प्रसिद्ध आहे, हे ताईने मला नंतर सांगितलं. आधी का नाही? "तू विचारलंस का?"

तर नऊ तास मुकादमाची छाती. खात्यातला गडगडाट, मग घरी जाताना शीळ, मग घरात बायकोशी पिशवीतली भाजी चिरडल्यावरून वाद. हे ऐकताना मला माझीच लाज वाटली आणि मी पुढचं ऐकलं नाही. पेन दुसऱ्या दिवशी ताईने "माझ्या भावाचं आहे, तो जीव खातोय" असं सांगून परत आणलं. हे मात्र खरं होतं.

गुरुवार उरला.

फाईल तीन. हिच्यात काही चुकलं नाही. हे मला पुन्हा लिहायचंय: काहीही चुकलं नाही.

माइक गळ्यातल्या ओळखपत्राच्या प्लास्टिकमागे. ओळखपत्र सगळ्यांच्याच गळ्यात असतं, त्याकडे कुणी बघत नाही. जुना, धुऊन मऊ झालेला कोट. वायर दोरीतून मागे मानेवर, रेकॉर्डर काडेपेटीएवढा, पाठीवर. मी तिला स्वयंपाकघरात चालवलं, बसवलं, वाकवलं, फ्रिज बंद करून ऐकलं. एक खरखर नाही. ताई म्हणाली, लग्नातसुद्धा मला एवढं कुणी सजवलं नव्हतं.

पाळी सुटल्यावर ती मुकादमाच्या काचेच्या खोलीत गेली. शेडमधले माग बंद. शांतता. असं रेकॉर्डिंग आयुष्यात चार वेळा मिळतं.

०:४० दार. खुर्ची. पंखा.

१:०५ ताई, फार मोठ्याने: "दादा, सोमवारी माझी तारीख आहे. बोळे कधी दिलेच नाहीत ना?"

१:१२ पंखा.

१:२० पंखा. खुर्चीची कुरकुर.

१:३१ ताई: "मग सह्या कशाला घेतल्या?"

१:३३ पंखा.

१:५८ ताई: "कुणी सांगितलं?"

२:०० पंखा. पंखा. मुकादम नाक ओढतो.

२:२६ ताई: "बरं. येते."

मी ऐकत होतो आणि ताई समोर बसून माझा चेहरा वाचत होती. ती हसत होती.

"सगळं बोलला की नाही? मोठ्या साहेबाचं नाव पण घेतलं."

कधी, मी विचारलं. ती वैतागली. कधी म्हणजे काय, तिथेच, समोर. बोळे आलेच नाहीत म्हणाला, माझ्या हातात रजिस्टर दिलं साहेबाने, मी हुकमाचा ताबेदार म्हणाला. शब्द न् शब्द. तिने ऐकला.

मग माझ्या लक्षात आलं.

मागाच्या खात्यात आवाजाने कुणी बोलत नाही. बोलून उपयोगच नसतो. ओठ हलवायचे, हाताची जोड द्यायची, पलीकडच्याने वाचायचं. मुकादम स्वतः पंधरा वर्षं मागावर होता. शेड बंद असली, खोलीत पंखाच काय तो वाजत असला, तरी आपल्या माणसाशी, आणि तेही चोरीचं बोलायचं, तर त्याच्या तोंडातून आवाज निघतच नाही. आणि ताईला तो निघाला नाही हे कळलंच नाही. तिच्या लेखी तो बोलला. स्वच्छ.

कॅमेऱ्यात आलं असतं. एवढाएवढासा, तापणारा, दिसणारा कॅमेरा.

घाईबाईला फोन करून चूक माझी आहे म्हणालो. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, आता?

रविवारी ताईने मला ओढत मुकादमाच्या घरी नेलं. काही लपवायचं नाही म्हणाली. लांब दांड्याचा मोठा माइक, मी हेडफोन घातलेला, वेड्यासारखा जिन्यात उभा. मुकादमाने दार अर्धं उघडलं, माइक पाहिला, माझ्याकडे पाहिलं, मग फक्त ताईकडे पाहिलं. तिने तेच विचारलं. त्याचे ओठ हलू लागले.

आणि ताई ते मोठ्याने म्हणू लागली. त्याच्या ओठांवरून, त्याच्याच वेगाने, तो थांबला की थांबत. "बोळे आले नाहीत. एकदाही नाही. रजिस्टर साहेबाने दिलं. मला पेन्शन आहे, पोरी. मी येणार नाही." रेकॉर्डरवरची आवाजाची सुई लालमध्ये आपटत होती. त्याने तिला अडवलं नाही. मान खाली घातली आणि दार लावून घेतलं.

"आलं?"

"तुझा आवाज आला, ताई. त्याचा नाही. हे कुणी मानणार नाही."

"तेवीस वर्षं त्याचं असंच ऐकलंय मी," ती म्हणाली, जिन्याभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "पाळी बदलली, रजा नाही, सही कर. तेव्हा कुणी म्हणालं नाही की बाई, आवाज कुठाय."

ती जिना उतरू लागली. मला अजून वायर गुंडाळायची होती, आणि वायरीला गाठ पडली होती.