मामाच्या टाकीतला उपास

तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावून सांगतेय, पण नाही, मी तिथेच होते, जाळी माझ्याच हातात होती. तर माझ्या मामाच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, तिथे मामीने माशांची टाकी केली होती. खाली टाकीत कॅटफिश, आणि वर खडी भरलेल्या ट्रेमध्ये पालक न् टोमॅटो. माशांनी घाण केलेलं पाणी पंपाने वर जायचं, झाडं त्यातलं खत ओढून घ्यायची आणि निवळलेलं पाणी धारेने परत खाली. सगळं राज्य मामीचं. मामा फक्त पंप दुरुस्त करायचा आणि माशांकडे बघून म्हणायचा, "माझ्यापेक्षा यांच्या मिशा बऱ्या."

मग मामी गेली. आणि ताईने, म्हणजे मामाच्या मुलीने, ठरवलं की बाबांना एकटं ठेवायचं नाही, आपल्याकडे न्यायचं. मामाला जायचं नव्हतं. तसं तोंडाने बोलला नाही तो. म्हणाला, "मासे काढून होऊ देत, मग येतो. तुझ्या आईने वाढवलेत, असेच टाकून कसा येऊ?" ताई म्हणाली, बरं, काढा मग. आणि मदतीला मला पाठवलं.

आता कॅटफिश काढायचे तर आधी उपाशी ठेवायचे, मामीची पद्धतच होती. एक-दोन दिवस खाद्य बंद, म्हणजे पोट रिकामं होतं आणि कापताना घाण होत नाही. मग बर्फाच्या पाण्यात टाकायचे, मासा सुन्न पडला की सुरी. मी पोचले तेव्हा मामाने खाद्य बंद केलेलंच होतं. मी सुरीला धार लावून आणली, टबात बर्फ ओतला. मामा टाकीजवळ उभा राहिला, राहिला, आणि म्हणाला, "आज नको. उद्या करू."

"मग खायला टाकू का त्यांना?"

"वेडी आहेस का? परत पहिल्यापासून उपास धरावा लागेल."

दुसऱ्या दिवशी म्हणे शेजारचे घरी नाहीत, वाटणार कुणाला. मग म्हणे कंबर धरलीय. बर्फ रोज विरघळायचा आणि मी रोज टब मोरीत ओतायचे. ताईचा फोन आला की मामा सांगायचा, "उपास चालू आहे त्यांचा."

"बाबा, मासे आहेत का साधू?" ताई म्हणाली. "काढा आता."

मला तेव्हा कळायला लागलं. मासे कापले की याला जावं लागणार. आणि खाद्य टाकलं की ताईला सांगावं लागणार, मी काढतच नाहीये, मी येतच नाहीये. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून हा दोन्ही करत नव्हता, नुसता स्टुलावर बसून पाण्याची धार ऐकत होता.

पण भुकेला काय कळतंय हो. आधी मला एक मासा दिसला, शेपूट नसलेला, तरी पोहत होता. मामा म्हणाला, "भांडतात आपापसात." मग पालक पिवळा पडायला लागला, कारण मासेच खात नाहीत तर झाडांना खत कुठून येणार. मग पंप घरघरला. मी पाइप उघडला तर आत एक डोकं अडकलेलं, नुसतं डोकं, मिशांसकट.

"मामा, हे एकमेकांना खाताहेत."

"माहीत आहे."

मी खाद्याचा डबा उचलला. त्याने माझं मनगट धरलं. ओरडला नाही, काही नाही, नुसतं धरून ठेवलं, शेवटी मीच डबा खाली ठेवला.

ताई न सांगता आली. पर्स खांद्यालाच, सरळ मागच्या खोलीत. नाकाला ओढणी लावून तिने टाकीत वाकून बघितलं. एकच उरला होता, कोपऱ्यात, हाताएवढा जाड. माझ्याकडून जाळी घेतली, बर्फ मागितला, मासा सुन्न पडेपर्यंत थांबली आणि पाटावर घेऊन पोट फाडलं. हुबेहूब मामीसारखं, शेपटीकडून वर.

पोट गच्च भरलेलं होतं. त्यातून जे बाहेर आलं त्यात डोळे ओळखू येत होते.

"कसला उपास, बाबा," ताई म्हणाली. "हा तर तुडुंब जेवलाय."

मामा पाटाकडे बघत राहिला. मग विचारलं, "आता काही नाही ना उरलं?"

"नाही."

तो उठला आणि त्याने स्वतःच पंपाचं बटण बंद केलं. धार पडायची थांबली. कपडे घेतले नाहीत, मामीचा फोटो घेतला नाही, चपलासुद्धा नाहीत, तसाच जाऊन ताईच्या गाडीत बसला. ताईने चपला आणून त्याच्या पायाशी ठेवल्या आणि सीटचा पट्टा लावून दिला. त्याने लावू दिला.

मी काच ठोठावून म्हटलं, "मामा, येते मी तुला भेटायला."

त्याने मान हलवली, पण मला नाही, समोर बघून.