कुलकासाच्या सुया

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या, म्हणजे गितासच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळी अम्मो विसांनी मळ्यात गोणपाट अंथरलं आणि त्यावर भाज्या मांडायला घेतल्या. त्यांना अम्मो, म्हणजे काका, म्हणणारी गावातली पाच-सहा पोरं भोवती उकिडवी बसली. अम्मो विसांनी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. नोकरी संपली, पण शिकवायची खोड काही सुटली नव्हती. कालव्याकाठचा हा लहानसा मळा हीच आता त्यांची शाळा झाली होती.

"हं, सांगा," ते म्हणाले, "उपटलं, धुतलं आणि तसंच खाल्लं, असं काय काय?"

"गाजर!"

"मुळा! मुळ्याचा पालासुद्धा!"

"आणि साल?"

"साल राहू द्यायची!"

"माती?"

"माती घासायची!" आठ वर्षांची इरिनी सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडली. ती नेहमीच पुढे बसायची.

अम्मो विसांनी एक लाल गाजर नळाखाली धरलं, घोसाळ्याच्या जाळीनं खसाखसा घासलं आणि कडकन मोडून अर्धं तिला दिलं. "गाजराची गोडी सालीला लागूनच असते. पण ही खसच्या सॅलडची पानं बघा. दिसतात भोळी, पण एकेका घडीत अख्खा कालवा लपवून बसतात. त्यांना व्हिनेगरच्या पाण्यात बसवायचं आणि मग एकेक पान वेगळं करून नळाखाली धरायचं. गड्डी नुसती झटकून कोण खातं?"

सगळ्यांनी शनूदाकडे बघितलं. शनूदा दहा वर्षांचा होता, आणि गेल्या महिन्यात पोटावर हात धरून आठवडाभर फिरत होता.

"मी कच्चा बटाटापण खाल्लाय," तो फुशारकीनं म्हणाला.

"हिरवा पडलेला?"

"थोडासा."

"तो तर माझं गाढवही खात नाही. म्हणजे तुझ्यापेक्षा शहाणं निघालं." पोरं खिदळली. अम्मो विसांनी पहिला ढीग डावीकडे सारला: धुवून तसंच खायचं ते. दुसरा मध्ये ठेवला: सोलून खायचं ते. "आता तिसरा ढीग. हा सगळ्यात महत्त्वाचा—"

"इरिनी!" बांधावरून आईची हाक आली. "चल घरी, बिमेनला सांभाळ. मला चर्चची भांडी घासायला जायचंय."

"तिसरा ढीग राहिलाय गं!"

"ढिगाला पाय नाहीत, पळून जात नाही कुठं. चल!"

इरिनी नाइलाजानं उठली. शनूदा तिच्या मागोमाग बांधापर्यंत आला. "बिमेन आज रात्री जेवणाआधीच झोपणार ना? मग उद्या उठेल बिनडोक्याचा."

गितासला कुलकास न खाणारा सकाळी बिनडोक्याचा उठतो, ही म्हण गावात सगळेच म्हणत आणि हसत. कुलकास म्हणजे आपल्या अळकुडीचा थोरला भाऊ, मुठीएवढा, केसाळ, मातकट कंद. दिवसभर उपवास, मग रात्रीची लांबलचक प्रार्थना आणि त्यानंतर घरोघरी कुलकासाचं जेवण, असा रिवाज होता.

"गेल्या वर्षीपण तो झोपला होता," इरिनी म्हणाली. "काही झालं नाही."

"तेव्हा तो तीन वर्षांचा होता. तीनपर्यंत माफी असते. आता चार पुरी झाली ना?"

इरिनी घराकडे वळली. पण घरी पोचेपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: धाकट्या भावाचा, बिमेनचा, निळा स्वेटर, आणि गळ्याच्या वर काहीच नाही.

आई गेली. बिमेन अंगणात संत्र्याच्या सालींच्या वाट्या करत बसला होता, कारण रात्री सालीच्या वाटीत मेणबत्ती लावून दिवा करायचा होता. स्वयंपाकघरात टोपलीभर कुलकास होतं. ते शिजवायचं कसं ते इरिनीला ठाऊक नव्हतं, आणि शेगडीला हात लावायची तिला बंदी होती. पण गेल्या रविवारचं चर्चच्या पाद्रींचं, अबूनांचं, प्रवचन तिला शब्द न् शब्द आठवत होतं. कुलकासात विष असतं, अबूना म्हणाले होते. त्याची साल म्हणजे आपला जुना कपडा, तो उतरवायचा. मग ते पाण्यात जातं आणि पाणी विष काढून घेतं. आपला बाप्तिस्मा तसाच.

तिनं एक कंद सोलला आणि पांढरी चकती कापली. वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं आणि बाळांना बुडवतात तशी ती चकती तीनदा बुडवली. "पित्याच्या नावानं. पुत्राच्या नावानं. पवित्र आत्म्याच्या नावानं." बोटांना खाज सुटली. विष बाहेर पडतंय, असं तिला वाटलं आणि बरंच वाटलं. तरीही तिनं चकती एकदा नळाखाली धरली, घोसाळ्याच्या जाळीनं घासली, अम्मो विसांनी शिकवलं होतं तशी.

"बिमेन, आ कर."

बिमेननं कचकन चावा घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे मोठे झाले, तोंडातला तुकडा जमिनीवर पडला आणि त्यानं असा टाहो फोडला की खुराड्यातली कबुतरं उडाली.

"टोचतंय! टोचतंय!"

इरिनीनं त्याला कमरेवर घेतलं आणि मळ्याकडे पळत सुटली. चार वर्षांचं पोर तिला कधी पेलायचं नाही. त्या दिवशी त्याचं वजनच लागलं नाही.

अम्मो विसांनी तिच्या मुठीतली चकती बघितली. ओलं फडकं बोटाला गुंडाळून त्यांनी बिमेनचं तोंड आतून पुसलं, मग चूळ भरायला लावली, पुन्हा पुन्हा. "गिळलंस का रे, राजा?" बिमेननं रडत मान हलवली. नाही. "शनूदा, पळ, तुझ्या आईकडून वाटीभर थंड दही आण."

"आज उपवास आहे, अम्मो! दूध-दही चालत नाही!"

"उपवास मोठ्यांना असतो. भाजलेल्या जिभेला नसतो. पळ!"

दोन चमचे दही जिभेवर ठेवून त्यांनी रस्त्यावरून जाणारी टुकटुक रिक्षा थांबवली आणि दोघांना घेऊन ते सरळ आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात घसा बघितला. "श्वास मोकळा आहे," त्या म्हणाल्या. "पण सूज घशाकडे सरकते का, ते बघायला हवं. दोन तास इथंच बसा."

ते दोन तास इरिनीनं बिमेनच्या छातीवरून नजर हलवली नाही. त्याचे ओठ पिकल्या अंजिरासारखे टरारले होते. छाती वर गेली की ती श्वास घ्यायची, खाली आली की सोडायची. आई धावत आली ती साबणाच्या हातांनीच. काय झालं ते ऐकून भिंतीला टेकून खाली बसली.

"अगं, डोकं वाचवायला निघालीस आणि पोराचा जीवच घ्यायला बसली होतीस की!"

इरिनीनं मान खाली घातली.

दुपार कलता कलता ओठांची सूज उतरली. बिमेन पुटपुटला, "माझा संत्र्याचा दिवा कुठाय?" डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "न्या घरी. श्वासाला त्रास वाटला तर ताबडतोब या."

पण इरिनीचं काहीतरी बिघडलं होतं. घरी आल्यावर आईनं पोरांसाठी भाकरी आणि गाजर पुढं ठेवलं, तिनं हात लावला नाही. "त्यात काय लपलंय, काय माहीत," एवढंच म्हणाली. आईनं समजावलं, रागावून बघितलं. शेवटी आई तिला घेऊन अम्मो विसांकडे गेली. "सणाच्या दिवशी पोर उपाशी राहणार. आजचा एक दिवस नाही, तिची भीतीच मुरेल. तुम्हीच काहीतरी करा."

अम्मो विसांच्या ओसरीवर, खिडकीजवळ, शाळेनं टाकून दिलेला एक जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याच्या आरशाला तडा गेलेला होता. त्यांनी इरिनीला स्टुलावर बसवलं.

"आधी एक सांगतो," ते म्हणाले. "चूक माझी. तिसरा ढीग मी सगळ्यात आधी मांडायला हवा होता. काय खावं ते नंतर शिकवलं तरी चालतं. काय खाऊ नये ते आधी."

"पण अबूना म्हणाले पाण्यानं विष जातं."

"अबूना खरंच बोलले. फक्त त्यानंतर चांगलं उकळायचं असतं, ते सांगायचं राहिलं. अबूनांचा स्वयंपाक त्यांची बायको करते ना."

इरिनीला हसू आलं नाही. त्यांनी कोरड्या हातानं कुलकास सोलून दाखवलं, कारण ओल्या हाताला त्याची खाज जास्त चढते. मग त्याचा एक पातळ पापुद्रा काचेवर ठेवला, त्यावर पाण्याचा थेंब सोडला आणि आरसा उन्हाकडे वळवला. "डोळा लाव."

आधी नुसता धूसर उजेड दिसला. मग अम्मोंनी बाजूचं चाक जरासं फिरवलं आणि चित्र स्पष्ट झालं. सुया! शिंप्याच्या डबीत असाव्यात तशा, जुडीनं बांधलेल्या, पारदर्शक, दोन्ही टोकांना अणकुचीदार. एक जुडी सुटून पाण्यात पसरली होती. अशा शेकडो जुड्या होत्या. मातीखाली, अंधारात, कुणाचा हात लागलेला नसताना त्या मुक्या कंदानं एवढ्या सरळ, एवढ्या सारख्या सुया घडवल्या होत्या.

"कोण करतं हे?" ती हळूच म्हणाली.

"तोच. त्याला पाय नाहीत, पळता येत नाही. दात नाहीत, चावता येत नाही. म्हणून सुया."

बराच वेळ तिनं डोळा उचलला नाही. मग अम्मोंनी चुलीवरच्या भांड्यातला मऊ शिजलेला तुकडा काढला, त्याचा कण दुसऱ्या काचेवर ठेवला. इरिनीनं बघितलं आणि दचकली.

"अम्मो! आहेत अजून! सगळ्या गेल्या नाहीत!"

"हो." उपवास बाजूला ठेवून उरलेला तुकडा अम्मो विसांनी तोंडात टाकला.

"अम्मो!"

ते शांतपणे चघळत राहिले. जीभ काढून दाखवली. "टोचत नाही."

"का नाही?"

"काही जण म्हणतात, सुयांबरोबर एक जहाल रस असतो, तो आगीत मरतो. सुई राहते, डंख जातो. पण अगदी नक्की विचारशील, तर मला माहीत नाही, इरिनी. पस्तीस वर्षं शिकवून माहीत नाही."

इरिनी त्यांच्याकडे बघत राहिली. अम्मो विसांना माहीत नाही, असं काही जगात असेल, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"मग हे खाता येतं, ते पहिल्यांदा कळलं कुणाला?"

अम्मो विसांनी चष्मा काढून पुसला. "त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. बाई असेल, बाप्या असेल. भूक लागली असेल, कंद उपटला असेल. खाई त्याला खवखवे! बिमेनसारखाच टाहो फोडला असेल. पण बघ, त्यानं तो फेकून दिला नाही. विस्तवात टाकला आणि पुन्हा चाखला. सुजलेल्या ओठांनी पुन्हा चाखला, इरिनी. तेव्हापासून प्रत्येक आई लेकीला सांगत आली."

इरिनीनं गोणपाटावरचे ढीग आठवले. गाजर कच्चं, खस धुवून, हिरवा बटाटा नको. यातलं एकेक वाक्य कुणीतरी स्वतःच्या जिभेनं, स्वतःच्या पोटानं कमावलं होतं. कालव्याच्या काठानं क्षितिजापर्यंत माणसांची रांगच्या रांग उभी आहे, सगळ्यांचे ओठ सुजलेले, आणि सगळे तिच्या ताटाकडे बघताहेत, असं तिला वाटलं. अंगावर काटा आला. तिनं टोपलीतलं गाजर घेतलं, घासलं आणि सालीसकट कडकन चावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जाग आली ती बिमेनच्या हाकेनं. तो गादीवर उभा होता, निळा स्वेटर घालून, आणि स्वेटरच्या वर डोकं होतं, केस विस्कटलेलं, नाक वाहणारं.

"मला कुलकास पाहिजे," तो म्हणाला. आई चमकलीच. तिनं हिरव्या पानांतलं, लसूण-धन्याची फोडणी दिलेलं कुलकास गरम करून वाडग्यात वाढलं आणि वाडगा इरिनीच्या हातात दिला.

इरिनीनं आधी स्वतः एक तुकडा जिभेवर ठेवला आणि वाट बघितली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून जरा सरकलं. काही टोचलं नाही. नुसतं मऊ, उबदार, मातीच्या वासाचं. मग तिनं दुसरा तुकडा फुंकर घालून बिमेनसमोर धरला.

बिमेननं ओठ घट्ट मिटले. "सुया गेल्या?"

"थोड्या आहेत," इरिनी म्हणाली. "पण झोपल्यात."

बिमेननं विचार केला. मग तोंड उघडलं, तुकडा आत घेतला आणि त्यांना जाग येऊ नये म्हणून अगदी हळूहळू चावू लागला.