कडीपासून पाण्यापर्यंत

सोमवारी सकाळी अकरा वाजता एका अहवालावर सही करायची होती, आणि रविवारी दुपारी तीन वाजता मापाडी यहुदी वस्तीच्या कमानीखाली चौदा अनोळखी माणसांच्या घोळक्यात उभी होती. मापाडी हे अर्थातच तिचे खरे नाव नव्हे. भूजलशास्त्रात पस्तीस वर्षे घालवलेल्या या धाकट्या बहिणीला थोरलीने लहानपणीच दिलेली ती पदवी होती. दुधाच्या पेल्यांत पट्टी बुडवून कोणाला जास्त मिळाले याचा निकाल लावणाऱ्या मुलीला दुसरे काय म्हणायचे?

अहवालाचा विषय साधा होता. वस्तीच्या पलीकडच्या चौकाखाली रेल्वेचे भुयारी स्थानक व्हायचे होते. खोदकाम चालू असेतो दोन वर्षे पाणी उपसावे लागणार आणि भूजल दीड मीटरने उतरणार. अहवाल म्हणत होता की इथली पातळी मुळातच तीन मीटर खालीवर होते, तेव्हा दीड मीटरचे विशेष ते काय? हा तीन मीटरचा आकडा मापाडीचाच होता. चाळीस वर्षांच्या विंधनविहिरींच्या नोंदींवरून तिने तो काढला, पुढे तो पाठ्यपुस्तकात गेला, आणि अलीकडे तर लोक तो तिच्याच नावाने ओळखत. वस्तीच्या पोटात जमिनीतल्या पाण्यावर भरणारे, धार्मिक शुद्धिस्नानाचे एक जुने कुंड होते. ते जगणार की कोरडे पडणार, हे तिच्या सहीवर अवलंबून होते. कुंड तिने पाहिलेले नव्हते. नकाशावर ते एक निळे वर्तुळ होते.

"नुसतं वर्तुळ बघून सही करणार? मुलगी बघायला न जाता लग्न ठरवण्यातला प्रकार झाला हा," असे म्हणून ताईने या फेरीत दोघींची नावे घातली होती.

फेरी नेणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. आठवड्याचे पाच दिवस त्या पुस्तके बांधत, शनिवारी धर्माची विश्रांती पाळत आणि रविवारी वस्ती दाखवत. नखांत वाळलेली खळ, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि आवाज असा की मागच्या रांगेतल्याने जांभई दिली तर ती अर्ध्यावर थांबावी.

"मंडळी, म्हणतात की या गल्लीत सूर्य दिवसातून फक्त अकरा मिनिटं उतरतो," बाइंडरबाईंनी सुरुवात केली.

"कोण म्हणतं?" मापाडीने विचारले.

"मी म्हणते."

"मोजलंय का कोणी?"

"लहानपणी दोरीवर परकर वाळत घालायचे मी. मोजल्याशिवाय भागायचं नाही."

घोळका हसला. ताईने धाकटीच्या दंडाला चिमटा काढला. "गप्प बस गं. परीक्षक म्हणून नाही आलो आपण."

गल्ली खरोखरच अरुंद होती. दोन्ही हात पसरले असते तर दोन्हीकडच्या भिंती बोटांना लागल्या असत्या. घरे मात्र वर वर गेलेली. वस्तीला एकदा हद्द आखून दिल्यावर बाहेर पसरायची सोय उरली नव्हती, म्हणून पिढी वाढली की वर मजला चढे. मापाडीने सवयीने मान वर करून मोजले. शेजारच्या रस्त्यावर जेवढ्या उंचीत पाच मजले बसत, तेवढ्यात इथे सात बसवलेले होते. याचा अर्थ छत डोक्याला जवळजवळ टेकलेले, आणि त्याखाली तीनशे वर्षे माणसे जन्मली, शिकली, भांडली. हा भागाकार तिने मनातल्या मनात केला, आणि उत्तर आल्यावरही तिची मान काही क्षण खाली आली नाही.

एका दारापाशी बाइंडरबाई थांबल्या. उजवीकडच्या चौकटीत खांद्याच्या उंचीवर वीतभर लांबीची एक तिरकी खाच होती. "इथं एक लहानशी डबी असायची. आत चर्मपत्रावर लिहिलेल्या धर्मग्रंथातल्या ओळी. माणसं गेली, डब्या गेल्या, खाच राहिली. चौकटीला सात वेळा रंग दिलाय, तरी बुजली नाही."

"तिरकी का हो?" ताईने विचारले.

"एक पंडित म्हणाला उभी बसवा, दुसरा म्हणाला आडवी. दोघंही मोठे. मग लोकांनी तिरकी बसवली."

"शहाणी माणसं! आमच्या घरी असतं तर चौकटच उपटली असती."

मापाडीने खाचेवरून बोट फिरवले. रंगाच्या थरांखाली कडा बोथट झालेल्या, पण कोन स्पष्ट होता. अशाच खाचा पुढच्या दारावर होत्या, त्याच्या पुढच्या दारावरही. अर्ध्या गल्लीपर्यंत तिने एकतीस मोजल्या. शेवटी तिने मोजणे सोडले. ही गोष्ट तिच्या हातून सहसा घडत नसे.

मग आले कुंड. सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनाघराच्या, मागच्या अंगणात एक लोखंडी दार आणि त्यामागे खाली जाणाऱ्या दगडी पायऱ्या होत्या. बाइंडरबाईंनी एका वेळी पाचच जण नेले. साठ पायऱ्या उतरल्यावर हवा थंड झाली, आवाज बदलला आणि बोलणारे आपोआप कुजबुजू लागले. तळाशी चौकोनी कुंड होते. पाणी इतके नितळ, की ते आहे हे हलल्याशिवाय कळू नये. दिव्याच्या प्रकाशात तळाचे दगड हाताने उचलता येतील असे दिसत. पस्तीस वर्षे मापाडीने भूजल पाहिले होते ते पंपाच्या तोंडातून आणि आलेखाच्या रेषेतून. ते असे, आपल्या जागी, आपल्या मर्जीने उभे असलेले तिने पहिल्यांदा पाहिले.

"हे अजून वापरात आहे," बाई सांगत होत्या. "आम्ही तिघी. नियम दोनच. पाणी पुरेसं हवं, आणि ते स्वतःहून आलेलं हवं. कोणी घागरीनं आणून ओतलेलं चालत नाही. स्थानकवाले म्हणाले, पाणी उतरलं तर आम्ही टँकरनं भरून देऊ. भले लोक आहेत. पण टँकर म्हणजे मोठी घागरच की."

एरवी मापाडीने इथे भुवया उंचावल्या असत्या, कारण पाण्याचा रेणू टँकरातून आला काय आणि खडकातून आला काय, सारखाच. पण तिला मनातल्या मनात कबूल करावे लागले की ओतलेल्या पाण्यावरून जमिनीबद्दल काहीही कळत नाही. कोणत्याही विहिरीत तिने स्वतःसुद्धा तसले पाणी मोजले नसते.

"पाणी पुरेसं आहे, हे कसं ठरवता?" तिने विचारले.

बाईंनी दिवा भिंतीकडे वळवला. पाण्याच्या बरेच वर, दगडात एक लोखंडी कडी रोवलेली होती आणि तिच्या शेजारी बारीक, समान अंतराच्या रेघा कोरलेल्या होत्या. "दर शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत, राखणदारीण कडीतून दगड बांधलेली दोरी सोडायची. कडीपासून पाण्यापर्यंत किती बोटं, ते मोजायचं आणि लिहून ठेवायचं. त्या रेघा म्हणजे बोटं. प्रत्येकीचं बोट वेगळं, म्हणून भिंतीचं बोट पक्कं केलेलं."

मापाडी रेघांजवळ वाकली. आधारबिंदू पक्का, एकक कोरून ठेवलेले आणि वेळ ठरलेली. जी गोष्ट विद्यार्थ्यांच्या कानीकपाळी ओरडूनही वळत नाही, ती इथे भिंतीवर होती.

"लिहून ठेवायची, म्हणालात. कुठं?"

"वह्यांत. गेल्या हिवाळ्यात सापडल्या. फेरी संपल्यावर दाखवते. तुमचे प्रश्न संपायचे नाहीत, हे मी कमानीखालीच ओळखलं होतं."

बाकीचे वर गेले. मापाडीने पर्समधली टेप काढली (ताईने कपाळावर हात मारला), आधी कोरलेल्या रेघा मोजल्या आणि मग कडीपासून पाण्यापर्यंत टेप सोडली. एक बोट दोन सेंटिमीटरांचे होते. आज पाणी कडीखाली दोन मीटर तीस सेंटिमीटर होते, म्हणजे एकशे पंधरा बोटे. कुंडात उरलेले पाणी एक मीटर वीस.

दीड मीटर उतार म्हणजे कुंड कोरडे. हे अहवालातही होते. पण निसर्गाच्या नेहमीच्या चढउतारातसुद्धा ते अधूनमधून कोरडे पडतच असणार, असे तिथे गृहीत धरलेले होते.

बाइंडरबाईंची कार्यशाळा अंगणाला लागून होती. एका खोलीत दाबयंत्र, कातर, सुयांचे पुठ्ठे. लांब मेजावर स्वच्छ करून ठेवलेल्या एकोणीस वह्या होत्या.

"सिनेगॉगच्या भिंतीत एक फट आहे. जीर्ण झालेलं धार्मिक लिखाण आम्ही फेकत नाही. देवाचं नाव असलेला कागद फाडायचा नाही, जाळायचा नाही. त्या फटीतून आत टाकायचा, पुढं जमिनीत पुरायचा. आता या वह्या तर पाण्याच्या. त्या रद्दीत जायला हव्या होत्या. पण पहिल्या राखणदारणीनं एक चूक केली." बाईंनी एक वही उघडली. पानाच्या माथ्यावर चार अक्षरे होती, खाली आकड्यांच्या ओळी. "साध्या वहीच्या प्रत्येक पानावर तिनं देवाचं नाव लिहिलं. पंडित संतापले असणार. कामाच्या कागदावर ते लिहू नये, कारण मग तो कागद टाकता येत नाही. पण लिहून बसली ना! झालं, वही भिंतीत. आणि पुढच्या साऱ्याजणींनी तिचंच बघून तेच केलं. पुरायचं मात्र राहूनच गेलं."

"किती वर्षं?"

"एकशे बारा."

मापाडी खुर्चीवर बसली. तिच्या चाळीस वर्षांच्या आधीची एकशे बारा वर्षे, दर आठवड्याला, एका अडाणी चुकीमुळे वाचलेली. पण तिच्या धंद्यात भारावून जाण्यापूर्वी शंका घ्यावी लागते. पाणी पुरेसे आहे असे लिहिण्यात राखणदारणीचा फायदाच होता. वर बसून आकडे ठोकून द्यायला कोणाची ना होती?

"कडेला काही लिहिलंय. ते काय?"

बाईंनी चष्मा लावला. "'दोरी भिजून ताणली होती. नवी बांधून पुन्हा मोजले.' हे इथं... 'ताप. उतरता आले नाही.' आणि आकड्याची जागा मोकळी. पुढं, 'मुलगी झाली.' तीन शुक्रवार मोकळे."

"मोकळेच सोडलेत? अंदाजानंही भरले नाहीत?"

"ज्याचं नाव माथ्यावर लिहिलंय, त्याच्यासमोर अंदाज कसा लिहिणार?"

मापाडीचा विश्वास देवावर नव्हता, आणि त्या दुपारीही तो बसला नाही. पण त्या तीन मोकळ्या जागांकडे ती ज्या नजरेने पाहत होती, तशी नजर ताईने तिच्या डोळ्यांत एकदाच पाहिली होती, तिने स्वतःच्या मुलाला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा. ज्या माणसांना खोटे लिहायला कोणी अडवत नव्हते, त्यांनी एकशे बारा वर्षे साठ पायऱ्या उतरून खरे लिहिले होते.

"सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त बोटं सांगाल?"

ते शोधायला तासभर लागला. कमीत कमी अठरा, जास्तीत जास्त एकतीस. फरक तेरा बोटांचा, म्हणजे सव्वीस सेंटिमीटर. दुष्काळ आले, पूर आले. पाणी तेवढेच हलले. तीन मीटरची हालचाल निसर्गाची नव्हतीच. ती कारखान्यांच्या खोल विहिरींची होती. त्या आधी आल्या आणि मापाडीच्या नोंदी नंतर सुरू झाल्या. आजाऱ्याला पहिल्यांदा ताप चढल्यावर भेटलेल्या डॉक्टरने तोच ताप त्याचे नेहमीचे तापमान म्हणून लिहून ठेवावा, तसे तिने केले होते. आणि ते छापून आले होते.

शेवटची वही अर्धीच भरलेली होती. एका शुक्रवारी चोवीस बोटे, आणि त्यापुढे कोरी पाने.

"पुढच्या आठवड्यात सैनिकांनी वस्ती रिकामी केली," बाई म्हणाल्या. "वही संपली की भिंतीत जायची. ही संपली नव्हती. तरी शेवटच्या राखणदारणीनं टाकली."

मापाडीने फोन काढला आणि प्रकल्पप्रमुखाला लावला. तो एके काळी तिचा विद्यार्थी होता.

"मॅडम! रविवारी?"

"उद्या मी सही करणार नाही."

"अहो मॅडम, यंत्रं येऊन उभी आहेत. नेमकं अडलं कुठं?"

"तीन मीटर. तो आकडा चुकीचा आहे."

"पण तो तर तुमचाच... सगळ्यांनी तोच वापरलाय. मी शिकवतोसुद्धा."

"माझाच आहे, म्हणून तर मीच सांगतेय. उपसा करताना वस्तीच्या बाजूनं जमिनीत भिंत घालून पाणी अडवावं लागेल. खर्च वाढेल, वेळ लागेल. माझी चूक झाली, हे लेखी देते. उद्या अकरालाच देते."

"पुरावा काय आहे, मॅडम?"

"पाच हजार आठशे शुक्रवार."

फोन ठेवल्यावर तिचे कान लाल झालेले ताईने पाहिले. नेहमीची थट्टा ओठांवर आली होती, ती ताईने गिळली आणि खुर्ची मेजाजवळ ओढली.

"मला ती लिपी येत नाही," मापाडी बाईंना म्हणाली. "तुम्ही वाचाल? मी लिहून घेते. अकरापर्यंत जेवढं होईल तेवढं."

"उद्या दुकान बंद ठेवते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिली वही समोर घेतली.

"आणि मी काय करू?" ताईने विचारले.

"आम्ही चुकतोय का, ते बघ."

"ते मी जन्मभर करतेय."

बाइंडरबाईंनी पहिल्या पानाच्या माथ्यावरची चार अक्षरे उच्चारली नाहीत. त्यांवरून फक्त नजर फिरवली, क्षणभर थांबल्या, आणि खालच्या ओळीवर बोट ठेवले.

"पहिला शुक्रवार. बावीस."

"बावीस," मापाडीने लिहिले.

"एकवीस."

"एकवीस."