खरवडलेल्या कानाचा घोडा

घोड्याचा एक कान खरवडलेला होता, आणि तिचं बोट नेमकं त्या कानावर होतं – म्हणजे पांढऱ्या घोड्यावर, समोरच्या चष्मेवालीच्या घोड्यावर... आणि खेळी तर तिची होती, काळ्याची.

"हात लावलास," चष्मेवाली म्हणाली.

चटका बसल्यासारखा तिने हात मागे घेतला. पण चौदा वर्षांखालच्यांच्या बुद्धिबळ स्पर्धेतसुद्धा नियम म्हणजे नियम. समोरच्याच्या मोहऱ्याला हात लागला आणि ते मारता येत असेल, तर मारावंच लागतं. मनातल्या मनात ती आपलं प्यादं सरकवून मोकळी झाली होती आणि लगेच पांढऱ्याचं उत्तरही द्यायला निघाली होती... सवय, दुसरं काय! दादा नोकरीला लांब गेल्यापासून दीड वर्ष दोन्ही बाजूंनी तीच तर खेळते. आधी प्रत्येक खेळीनंतर उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसायची. मग कंटाळा आला, नुसता हात लांब करायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोण जिंकलं गं?" आणि ती म्हणायची, "मीच."

पंच येऊन उभे राहिले. "घोडा मारता येतोय ना? मग मारायला हवा, बाळ."

तिचा चेहरा तापला. डाव जाईल म्हणून नव्हे – आपण एकट्याच खुर्च्या बदलत बसतो हे आता सगळ्या हॉलला कळलं, असं तिला वाटलं. घोडा मारू शकेल असा एकच, तिचा हत्ती, आणि घोड्यापायी त्याहून मोलाचा हत्ती दिला तर... हा शेवटचा डाव. जिंकला तर संघात निवड, संघात निवड म्हणजे शिबिर, आणि शिबिर दादाच्या शहरात. फोनवर तो दोन मिनिटं बोलतो, त्यातलं दीड मिनिट आईचं. आत्ता ती काळ्याकडून खेळत होती तो सिसिलियन बचाव त्यानेच शिकवला होता. म्हणायचा, "सिसिलियनमध्ये हत्ती देऊन हा घोडा घ्यायला छाती लागते, चिमणे. तुझं काम नाही ते." आणि खरंच, घरी तिने तो कधी दिलाच नव्हता, समोरून खाणारीही तीच, मग द्यायचा कुणाला?

तिने हत्ती उचलला, घोडा मारला, घड्याळ दाबलं.

चष्मेवालीने हत्ती खायला हात पुढे केला – आणि मध्येच थांबवला. टेबलावर कोपर टेकून बघत राहिली. पाच मिनिटं गेली, सात गेली. काय करेल ही? सवयीने ती मनातल्या मनात उठली, टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीकडे निघाली... पण तिथे कुणीतरी बसलेलं होतं. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि वाट बघू लागली.