बेचाळीस फॉर्म आणि एक झाकण

अमृतरावांना आमच्या गल्लीतल्या त्यांच्या मोकळ्या प्लॉटवर आठ मजली इमारत उठवायची होती. मजल्याला बारा खोल्या, खोलीत क्लासची दोन-दोन पोरं. रस्त्याकडचा कोपरा मोकळा सोडला तर मजल्याला चार खोल्या कमी, म्हणजे सगळ्या मिळून बत्तीस खोल्या हातच्या जाणार. हा हिशेब मला पाठ आहे, कारण तो माझ्याच झाकणावर कागद ठेवून केला गेला. मी एक जुना तेलाचा डबा आहे, मित्रांनो. चौकोनी, पत्र्याचा, पंधरा किलोचा, दोन ठिकाणी पोचा पडलेला.

लातूरच्या एका गिरणीत माझ्यात पहिल्यांदा करडईचं तेल भरलं गेलं. तिथून मी किल्लारीच्या बाजूच्या एका गावात, महादेवीच्या घरी गेलो. तेल संपल्यावर तिनं मला घासून अंगणात पाण्याला ठेवलं. म्हणूनच त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटे मी वाचलो. महादेवीही वाचली. तिच्या घरापुढची गल्ली तीन हातांची होती. दोन्हीकडच्या दगडी भिंती गल्लीतच आल्या. तिच्या सासूबाई घरातून बाहेर पडल्या होत्या, गल्लीतून बाहेर पडल्या नाहीत.

वर्षभरानं महादेवी मला काखेत धरून लातूरला आली. संगप्पांच्या घराची मागची पडवी तिनं भाड्यानं घेतली आणि क्लासच्या पोरांना डबे द्यायला लागली. मी ज्वारीच्या पिठाचा डबा झालो. माझे ते सोन्याचे दिवस. चाळीस पोरं माझ्या पिठाच्या भाकरीवर भौतिकशास्त्र शिकली. त्यातली काही आता तुमची नाडी बघतात आणि भाकरी कमी खा म्हणून सांगतात. त्यांना मी ओळखतो, ते मला ओळखत नाहीत. असू द्या.

भूकंपाला अठरा वर्षं झाल्यावर अमृतरावांच्या इमारतीचा नकाशा आला. मंजुरी देणारे साहेब म्हणाले, आधी गल्लीचं म्हणणं लेखी घ्या. अमृतराव घाबरले नाहीत. ते आठवडाभर घरोघर चहा प्याले. संगप्पांना बोअरचं पाणी कबूल केलं, कुणाला गाडी लावायला जागा, कुणाला तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान. मग क्लासच्या छपाईवाल्याकडून त्यांनी बेचाळीस घरांसाठी बेचाळीस फॉर्म छापून घेतले. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, पेनानं गोळे काळे करायचे. सातवा प्रश्न होता : रस्त्याकडील कोपरा कसा असावा? पर्याय अ : कायम मोकळा. पर्याय ड : मोकळ्या जागेची गरज नाही.

फॉर्म टाकायला पेटी नव्हती. महादेवीकडचा डबा आणा, असं ठरलं. झाकणाला फट पाडायचं काम मन्मथ सरांकडे आलं. मन्मथ सरांची मुलगी मेडिकलला लागलेली, त्यामुळे गल्लीत त्यांच्या शब्दाला मोठा मान. ते छिन्नी-हातोडी घेऊन पडवीत बसले.

"भोक पाडून राहिलात सर, पण मी आता पीठ कशात ठिवू?" महादेवी म्हणाली.

"एक दिवसाचं काम हाय बाई."

"भोक एक दिवसाचं नस्तंय." मग तिनं विचारलं, "सर, भूकंपात तुमी कुठं पळाला होता?"

"कुठं म्हणजे? ह्याच प्लॉटवर. सगळी गल्ली इथंच होती की."

"आन पुन्हा हाललं तर?"

सरांची छिन्नी थांबली.

"मला फॉर्म न्हाई," महादेवी म्हणाली. "भाडेकरूला देत न्हाईत म्हणं. म्हणून तुमाला इचारलं."

सरांनी पुन्हा हातोडी मारली. फट मात्र तिरकी पडली, ती आजही तिरकीच आहे.

रविवारी प्लॉटवर मांडव घातला. खुर्च्या लागल्या, साहेब आले, मला टेबलावर ठेवलं. अमृतरावांनी माईकवर सांगितलं, "साहेबांसमोर शब्द देतो. फॉर्म म्हणतील तसंच बांधीन." शब्द द्यायला त्यांना जड गेलं नाही. आठवड्याचा चहा पोटात होता.

फॉर्म वाटले, पेनं निघाली. मग मागून एकानं विचारलं, "चुकलं तर मार्क कापतेत का?"

"अहो, यात चुकायचं काय? तुमचं मत हाय ते," अमृतराव म्हणाले.

"मत हाय हो, पण बरोबर कोणतं ते सांगा की."

अमृतराव हसले आणि तिथंच फसले. कारण मित्रांनो, ज्या गल्लीत वीस वर्षं पोरांना बरोबर उत्तरापलीकडे काही शिकवलं नाही, तिथं गोळा दिसला की माणूस आधी हुशाराच्या कागदाकडे बघतो. बोअर, गाडी, झेरॉक्स, सगळं विसरून माना मन्मथ सरांच्या खुर्चीकडे वळल्या. सरांचा कागद पुढच्यानं पाहिला, पुढच्याचा बाजूच्यानं. पाच मिनिटांत उत्तरं शेवटच्या रांगेत पोचली. एकानं तर नावाच्या जागी आसन क्रमांक लिहिला.

मोजणी झाली. सातव्या प्रश्नाला एकेचाळीस अ, एक ड. ड संगप्पांचा. चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांना लांबचं दिसत नव्हतं, आणि स्वतःच्या मनानं उत्तर द्यावं लागलं. तिसऱ्या प्रश्नाला, इमारतीचा रंग कोणता, सरांचं पेन घसरून जांभळ्यावर पडलं होतं. तिथंही एकेचाळीस जांभळे.

अमृतराव सरांजवळ आले. "सर, तुमी तर माझ्याच बाजूचे होता की."

मन्मथ सर उठले. अठरा वर्षं लपवलेली गोष्ट त्यांनी माईकवर सांगितली. त्या पहाटे ते बनियनवर पळाले, हातात सहामाहीचे पेपर घेऊन. बायको मागंच राहिली.

"मी दारात उभी," सरस्वतीबाई बायकांतून म्हणाल्या. "मला वाटलं, पेपर ठिवून परत येतेत."

मांडव पोट धरून हसला. सरही हसले, मग म्हणाले, "पळायला जागा होती म्हणून आज हसून राहिलो." साहेबांनी मान खाली घालून कागदावर सही केली.

इमारत झाली. आजही जांभळी आहे. कोपरा मोकळा आहे. फटीतून मुंग्या शिरायला लागल्यावर महादेवीनं माझ्यात माती भरून कढीपत्ता लावला आणि मला त्या कोपऱ्यात ठेवलं. तिथं बसून ती संध्याकाळी ज्वारी निवडते.

एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या गाड्या हळूहळू माझ्याकडे सरकून राहिल्या आहेत. काल एक माझ्या अंगाला टेकली. त्या जरा मागं घ्या. ही जागा फुकट मिळालेली नाही. अमृतरावांनी बत्तीस खोल्या दिल्या. संगप्पांनी कबूल झालेलं बोअरचं पाणी जाऊ दिलं. मन्मथ सरांनी इज्जत दिली, मी झाकण दिलं. महादेवीनं काय दिलं, ते तिच्या गावच्या गल्लीत आहे. उरलेल्या चाळीस घरांनी एकेक गोळा दिला, तोही दुसऱ्याचा बघून.