किटलीची मूठ

किटल्यांच्या कारखान्यात त्याला सगळे ‘थर्मामीटर’ म्हणत. त्याचं खरं नाव हजेरी घेणाऱ्यालाही आठवून सांगावं लागे. एकोणीस वर्षं त्याचं काम एकच होतं. नव्या नमुन्याच्या किटलीत पाणी उकळायचं, दहा मिनिटं तसंच खळखळत ठेवायचं, मग मूठ पंजात घट्ट धरून मनात तीसपर्यंत मोजायचं. त्याआधी हात मागे घ्यावासा वाटला, तर नमुना नापास.

या कामाचा त्याला अभिमान होता. कोणी विचारलं की तो खुलून सांगायचा, “उष्णता कधी आळस करत नाही. वाट दिसली की ती निघालीच. आपण फक्त तिची वाट अवघड करायची.” म्हणून मूठ जिथे भांड्याला जोडलेली असते, ती मान अरुंद ठेवायची. मानेत दोन लांबट फटी पाडायच्या, म्हणजे उष्णतेला वर चढायला पत्राच कमी उरतो आणि मधून वारा खेळतो. मूठ आतून पोकळ. झाकण उचलायच्या बोंडाखाली लाकडाची चकती. “लोकांना वाटतं ती शोभेला आहे,” असं म्हणून तो हसायचा.

मालकांनी एके दिवशी नवा नमुना त्याच्यासमोर ठेवला. फटी नव्हत्या आणि मानही चांगली रुंद होती.

“फटींत घाण बसते, अशी दुकानदारांची तक्रार आहे. आणि मान हलते म्हणतात. बघ जरा, चालतंय का.”

रेखाटन मालकांच्या सांगण्यावरून इंजिनीअर बाईंनी केलं होतं, पण त्यांनाच ते पटलेलं नव्हतं. वर्षभरापूर्वी लागलेली, कमी बोलणारी बाई. “माझ्या हिशोबाने ही मूठ तापणार,” त्या म्हणाल्या. “तापमान मोजायचा मीटर मागवलाय, पुढच्या आठवड्यात येईल. तोवर थांबू या.”

“बाई, कागदावरची मूठ तापते की नाही ते मीटर सांगेल,” तो म्हणाला. “हातातली मूठ तापते की नाही ते मी सांगतो.”

मालक हसले. बाई निघून गेल्या.

त्याच्या घरात मात्र एक गोष्ट घडून गेली होती. दोन महिन्यांपूर्वी बायकोने त्याचा हात धरून विचारलं होतं, “हा फोड कधी आला?” तर्जनीवर चांगला बोराएवढा फोड होता आणि त्याला पत्ताच नव्हता. मधुमेह जुना. बोटांच्या नसा बधिर होत जातील, असं डॉक्टर वर्षभरापूर्वीच बोलले होते. त्याने ऐकलं आणि सोडून दिलं. थर्मामीटरचा पारा गेला, हे सांगायचं तरी कोणाला?

चाचणीच्या खोलीत तो नेहमी एकटाच असे. त्याने पाणी उकळलं, मूठ धरली, तीसपर्यंत मोजलं. काही जाणवलं नाही. पूर्वी शंका आली की तो मूठ गालाला टेकवून बघायचा. त्या दिवशीही ते मनात आलं. पण गालाला चटका बसला तर पुढे काय, हेही त्याच क्षणी मनात आलं. त्याने किटली खाली ठेवली आणि वहीत लिहिलं, ‘पास’.

पहिल्या खेपेतली एक किटली त्याने ताईला नेऊन दिली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. आता ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची.

“माझ्या हाताखालून गेलेली आहे,” तो म्हणाला.

“मग काय बघायलाच नको,” ताई म्हणाली.

अकराव्या दिवशी सकाळी ताईच्या शेजारणीचा फोन आला. ताईने चहाचं पाणी ठेवलं होतं आणि दारात शेजारणीशी बोलण्याच्या नादात ते बराच वेळ उकळत राहिलं. किटली उचलली तेव्हा चटका बसला, पण भरलेली किटली एकदम सोडणार कुठे? ती तशीच टेबलाकडे दोन पावलं चालली. तिसऱ्या पावलाला हातातून सुटली. सगळं पाणी दोन्ही पायांवर.

दवाखान्यात ताई पांढरीफटक पडली होती. तरी त्याला बघून म्हणाली, “माझाच वेंधळेपणा. लक्ष नव्हतं माझं. तुझ्या किटलीला कोणी नावं ठेवू नका.”

तो तिच्या घरी गेला. फरशी अजून ओली होती. किटली टेबलाखाली पडली होती, एका बाजूने चेपलेली. त्याने ती भरली, उकळली, दहा मिनिटं घड्याळाकडे बघत उभा राहिला. मग मूठ धरली आणि तीसपर्यंत मोजलं. काहीच नाही. बाही वर करून त्याने मूठ कोपराच्या आतल्या बाजूला टेकवली.

तो ओरडलाच. कातडी लालबुंद झाली. मग तो तिथेच ओल्या फरशीवर बसून राहिला.

चेपलेली किटली घेऊन तो थेट कारखान्यात गेला. इंजिनीअर बाईंसमोर त्याने ती पुन्हा उकळली. बाईंनी मुठीला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. त्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं.

“कधीपासून?”

“वर्ष झालं असेल. जास्तच.”

मालकही येऊन सगळं ऐकत होते. मग म्हणाले, “तुला चटका कळत नव्हता, हे मी एक वेळ समजू शकतो. पण बाई थांबा म्हणत होत्या, तेव्हा तू त्यांना उडवून लावलंस. आणि मीही हसलो.” त्यांनी चाचणीची वही स्वतःकडे ओढून घेतली. त्याला कामावरून काढलंय, हे कोणी त्याला वेगळं सांगितलं नाही.

तीनशे चाळीस किटल्या बाहेर गेल्या होत्या. त्या परत मागवायला तो स्वतः फिरला. बिनपगारी, एकेका दुकानाच्या पायऱ्या चढत. एका दुकानदाराने सांगितलं, एक म्हातारे गृहस्थ तळहाताला पट्टी बांधून येऊन गेले. शिव्या देत नव्हते, नुसतं विचारत होते, की हे असंच असतं का.

महिन्याने ताई घरी आली. त्याने तिला सगळं सांगितलं, फोडापासून गालापर्यंत.

“म्हणजे तुला माहीत होतं,” ती म्हणाली.

“शंका होती.”

“शंका होती आणि मला आणून दिलीस.”

तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि तो दिवस तसाच गेला.

तिचं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो रोज येत राहिला. डाव्या पायाची जखम लवकर भरली, उजव्याची काही केल्या भरेना. जखम धुवायला तो कोमट पाणी आणायचा. ताई हात पुढे करून आधी स्वतःची बोटं पाण्यात बुडवायची, मग मान हलवायची. बोलायची कामापुरतंच. पूर्वी ती त्याला ‘बाळा’ म्हणायची. आता नुसतं “आण” म्हणायची, “ठेव” म्हणायची.

बहुतेक किटल्या परत आल्या आणि मोडीत गेल्या. सदतीस कधीच आल्या नाहीत. त्या कोणाच्या घरी आहेत, हे दुकानदारांनाही सांगता आलं नाही. रस्त्याने जाताना कोणाच्या खिडकीतून पाणी उकळल्याचा आवाज आला की तो थांबतो, दार वाजवतो आणि किटली दाखवता का, म्हणून विचारतो. काही जण दाखवतात. बरेच जण दार लावून घेतात.